बांधणारे अनेक, चालविणारा कोणी नाही

सरकारी योजनांचे यशापयश मोजण्याची आपल्याकडे एक रूढ पद्धत आहे. किती कोटी रुपये मंजूर झाले, त्यांपैकी किती खर्ची पडले आणि किती गावे 'समाविष्ट' झाली, हे तीन आकडे विधिमंडळाच्या पटलावर ठेवले की योजनेचा हिशेब पुरा झाला असे मानले जाते. पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत ज्याला खरे महत्त्व आहे असा चौथा आकडा मात्र या हिशेबात येत नाही. योजनेतील अगदी शेवटच्या गावी, अगदी शेवटच्या नळाला, चैत्र-वैशाखात किती दिवसांआड आणि किती हंडे पाणी आले, हा तो आकडा होय. तो नियमाने कोणी नोंदवीत नाही, कारण तो नोंदविणे हे कोणा एकाचे काम नाही. महाराष्ट्रातील प्रादेशिक पाणीपुरवठा योजनांचे मूळ दुखणे हेच आहे.

प्रादेशिक योजना म्हणजे एका गावाची विहीर, एका गावाचा पंप आणि एका गावाची टाकी नव्हे. वीस, पन्नास किंवा शंभराहून अधिक गावांना एकाच धरणातून वा नदीतून पाणी उचलून, एकाच केंद्रात शुद्ध करून, मैलोगणती नळांतून पोहोचविणे, असे तिचे स्वरूप असते. अशी योजना एका गावाच्या आटोक्यातील नसते. ती जिल्हा परिषदेच्या अथवा राज्य शासनाच्या यंत्रणेनेच आखावी, बांधावी आणि चालवावी लागते. त्यामुळे नियोजन आणि प्रशासन यांची खरी कसोटी स्वतंत्र योजनेत लागत नाही, ती प्रादेशिक योजनेत लागते.

दुष्काळाने दिलेला वारसा

महाराष्ट्रात ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या आजच्या यंत्रणेचा पाया मुख्यतः १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास घातला गेला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ मध्ये स्थापन झाली. केंद्र शासनाचा वेगवर्धित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रम १९७२-७३ मध्ये सुरू झाला. पुढे १९७६ च्या कायद्याने राज्यात पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळाची तरतूद झाली, १९७९ मध्ये ते मंडळ कामाला लागले आणि १९९७ मध्ये त्याचेच 'महाराष्ट्र जीवन प्राधिकरण' असे नामांतर झाले.

त्या काळी 'अडचणीचे गाव' ठरविण्याची कसोटी साधी होती. सपाट प्रदेशात १.६ किलोमीटरच्या आत पाण्याची सोय नसेल, तर ते गाव अडचणीचे. ही कसोटी तातडीच्या काळाला योग्यच होती. परंतु तिने प्रशासनाला एक सवय लावली. गावापर्यंत नळ अथवा विंधन विहीर पोहोचली की यादीतील त्या गावापुढे खूण करावयाची आणि पुढच्या गावाकडे वळावयाचे. खूण झालेली गावे काही वर्षांनी पुन्हा अडचणीच्या यादीत येऊ लागली, तेव्हा पुन्हा नवी योजना आणि पुन्हा नवी खूण, असे चक्र सुरू झाले. विहीर आटली, पंप जळला, नळ फुटला किंवा वीज तोडली गेली, यांपैकी कोणतेही कारण त्यासाठी पुरेसे असे.

यात एक सामाजिक आशयही होता, तो विसरून चालणार नाही. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ मध्ये झाला. त्यानंतर जवळजवळ अर्धशतकाने, १९७० च्या दशकात, डॉ. बाबा आढाव यांना 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ उभारावी लागली. पाण्याचा उगम ज्यांच्या वाड्यालगत किंवा ज्यांच्या शेतात, त्यांच्या मेहेरबानीवर इतरांचे हंडे भरत. दूरच्या धरणातून येणाऱ्या नळाने ही मेहेरबानी संपविण्याचे आश्वासन दिले होते. नळ कोरडा पडतो तेव्हा माणसे पुन्हा कोणाच्या तरी खाजगी विहिरीवर किंवा कूपनलिकेवर जातात, आणि ते आश्वासन तेथेच मोडते.

जेथे पर्यायच नाही

प्रादेशिक योजना मुळातच चुकीच्या आहेत, गावोगावच्या विहिरी-तळ्यांकडे परत चला, असे अनेक जाणते लोक सांगतात. पुष्कळ गावांच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु सर्वत्र ते लागू पडत नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा हे याचे ठळक उदाहरण होय. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतील शेकडो गावांच्या पायाखालचे पाणीच खारट आहे. विहीर खणली तर पाणी लागते, पण ते ना पिण्याच्या कामाचे, ना धड शेतीच्या. मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी या पट्ट्यात जुन्याच आहेत. येथे गोडे पाणी आणावयाचे तर ते उत्तरेकडील सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या धरणांतूनच आणावे लागते.

म्हणूनच या भागात योजनांची नावेसुद्धा आकड्यांनीच ओळखली जातात. वान धरणावरील अकोट-तेल्हारा भागाची ८४ खेडी योजना, त्याच धरणावरील जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांची १४० गावे योजना, शहानूर धरणावरील अंजनगाव-दर्यापूर भागाची १५६ गावे योजना, ही त्यांतली प्रसिद्ध नावे. या गावांना 'आपली विहीर बरी' असे म्हणण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. योजना बंद पडली की गावाला पाणी नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

अशा योजनेत पाणी कसे वाहते ते पाहिले म्हणजे प्रशासनाचा प्रश्न स्पष्ट होतो. धरणातून उचललेले पाणी शुद्ध होऊन मुख्य संतुलन टाकीत चढते आणि तेथून उताराने मुख्य नळात उतरते. मुख्य नळाला फाटे फुटतात, फाट्यांना गावे लागतात. जे गाव टाकीजवळ आहे त्याला पाण्याचा दाब पुरेपूर मिळतो. तेथील टाकी भरून वाहिली तरी झडप बंद करण्याची घाई कोणाला नसते. वाटेत कोणी हवेची झडप मोडून जनावरांना पाणी पाजतो, कोणी मुख्य नळालाच भोक पाडून परस्पर जोडणी घेतो. शेवटच्या गावी पाणी पोहोचते ते या सर्वांचे भागून उरलेले. बरे, पाणीपट्टीचा दर शेवटच्या गावालाही तोच. साहजिकच हे गाव प्रथम तक्रार करते, मग अर्ज करते, आणि अखेरीस पाणीपट्टी भरण्याचे थांबविते.

एक साधे गणित

अशा योजना गरीब गावांना परवडतच नाहीत, असा एक समज आहे. तो तपासून पाहण्यासारखा आहे. उदाहरणादाखल १०० गावांची एक योजना कल्पू. दर गावी २,००० वस्ती धरली तर एकूण माणसे दोन लाख. जलजीवन मिशनने ठरविलेल्या माणशी रोज ५५ लिटर या प्रमाणाने रोजची गरज १ कोटी १० लाख लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे ४० लाख घनमीटर, होते. धरणांच्या भाषेत हे अवघे चार दशलक्ष घनमीटर झाले. वान धरणाची साठवणक्षमता सुमारे ८२ दशलक्ष घनमीटर आहे. याचा अर्थ दोन लाख माणसांचे वर्षभराचे पाणी हा अशा मध्यम धरणाचा विसावा हिस्सा होय. गळती धरून तो थोडा वाढेल, एवढेच.

आता विजेचा खर्च पाहू. उंचीचा चढ आणि नळातील घर्षण मिळून हे पाणी १०० मीटर चढवावे लागते असे धरले, आणि पंपांची कार्यक्षमता साठ टक्के मानली, तर रोज सुमारे पाच हजार युनिट वीज लागेल. युनिटला सात रुपये दर धरला तर रोजचे बिल ३५ हजार रुपये आणि वर्षाचे सव्वा कोटींच्या वर. सव्वा कोटी हा आकडा ऐकून कोणत्याही सरपंचाच्या छातीत धडकी भरेल. परंतु तोच आकडा ४० हजार कुटुंबांत वाटला तर दर कुटुंबाला वर्षाकाठी सुमारे ३२० रुपये येतात. पगार, तुरटी, क्लोरीन आणि दुरुस्ती यांसाठी आणखी दुप्पट रक्कम धरली तरी एकूण खर्च हजाराच्या आतच राहतो. म्हणजे कुटुंबामागे दिवसाला तीन रुपयेही नाहीत. हीच कुटुंबे नळ कोरडा असताना वीस लिटरचा जार विकत घेतात. जारला दहा रुपये धरले आणि एका दिवसाआड एकच जार घेतला, तरी वर्षाचा खर्च अठराशे रुपयांवर जातो.

तेव्हा योजना मुळात न परवडणारी नसते. ती न परवडणारी होते, आणि ती तशी कशी होते हेही याच गणितावरून दिसते. निम्मी कुटुंबे पाणीपट्टी भरीनाशी झाली की उरलेल्यांवरचा भार दुपटीवर जातो. वाटेत निम्मे पाणी गळाले की तेवढेच पाणी पोहोचविण्यास दुप्पट वीज जाळावी लागते. दोन्ही गोष्टी एकदम झाल्या की हिशेब कोलमडतो. ग्रामपंचायती जिल्हा परिषदेचे देणे थकवितात, जिल्हा परिषद वा प्राधिकरण वीज कंपनीचे देणे थकविते, आणि एके दिवशी पंपगृहाची वीज तोडली जाते. त्यानंतर पैसे भरणारे गाव आणि न भरणारे गाव दोन्ही सारखीच कोरडी राहतात. प्रामाणिकपणे पैसे भरणाऱ्याला त्याचे फळ मिळत नाही असे एकदा सिद्ध झाले की पुढच्या वर्षी भरणाराही हात आखडता घेतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सार्वजनिक वस्तूंच्या प्रकरणी 'फुकट्या'चा प्रश्न शिकविला जातो, त्याचे याहून नेमके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

योजनांतर्गत आणि योजनेतर

हा प्रश्न केवळ ग्रामपंचायतींच्या बेशिस्तीचा मानणे अन्यायाचे होईल. त्याची मुळे शासनाच्या स्वतःच्या हिशेबपद्धतीत आहेत. अनेक दशके आपल्या अर्थसंकल्पात खर्चाचे दोन भाग असत. नवे बांधकाम म्हणजे योजनांतर्गत खर्च, तो विकासाचा म्हणून गौरवाचा. बांधलेले चालू ठेवणे म्हणजे योजनेतर खर्च, तो अनुत्पादक म्हणून काटछाटीचा. केंद्रीय अर्थसंकल्पातून हा भेद २०१७-१८ पासून काढून टाकण्यात आला. परंतु त्यातून घडलेली मनोवृत्ती काही एका वर्षात जात नाही. नव्या टाकीचे भूमिपूजन होते, कोनशिला बसते, तिच्यावर नावे कोरली जातात. जुन्या टाकीची गळती बंद केल्याबद्दल कोणाचीही कोनशिला बसल्याचे ऐकिवात नाही.

प्रशासनाची विभागणीही याच मनोवृत्तीतून झाली आहे. मोठी योजना साधारणतः प्राधिकरण बांधते. ती बांधून झाली की जिल्हा परिषदेने ताब्यात घ्यावी अशी अपेक्षा असते. जिल्हा परिषद ती घेण्यास नाखूश असते, कारण योजनेबरोबर थकबाकी आणि गळतीही ताब्यात येते. गावाच्या हद्दीतील वितरण ग्रामपंचायतीकडे, धरणातील पाणी जलसंपदा विभागाकडे, वीज महावितरणकडे, भूजलाची मोजणी आणखी एका यंत्रणेकडे. यांतील प्रत्येक यंत्रणा आपले काम नियमानुसार करीत असू शकते, आणि तरीही नळाला पाणी येत नाही असे घडू शकते. गावकरी तक्रार घेऊन गेला तर प्रत्येक कार्यालय त्याला पुढच्या कार्यालयाचा पत्ता देते, आणि तो पत्ता चुकीचा असतो असेही नाही. सर्वांचे थोडे थोडे काम आहे, परंतु पाणी पोहोचले नाही तर जबाब कोणाचा घ्यावयाचा, हे कोठेच लिहिलेले नाही.

सन २००० नंतर राज्याने 'मागणी आधारित' धोरण स्वीकारले. गावाने स्वतः मागणी करावी, लोकवर्गणी भरावी आणि ग्राम समितीने योजना चालवावी, हे तत्त्व चांगलेच होते. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या परिशिष्टात पिण्याचे पाणी पंचायतींच्या विषयांत घातले होते, त्याच्याशी ते सुसंगतही होते. परंतु हे तत्त्व एका गावाच्या योजनेला जसे बसते तसे शंभर गावांच्या योजनेला बसत नाही. मुख्य नळ कोणत्या गावाचा? पंपगृह कोणत्या समितीचे? शंभर समित्या मिळून एक धनी होत नाही. त्यामुळे स्वतंत्र योजनांच्या बाबतीत काही प्रमाणात यशस्वी ठरलेले तत्त्व प्रादेशिक योजनांपाशी येऊन अडखळले.

धरणात पाणी राखणे

नळ आणि पंप सुस्थितीत असले तरी धरणातच पाणी नसेल तर सर्व व्यर्थ, हे लातूरने २०१६ मध्ये दाखवून दिले. लातूर शहर मांजरा धरणावर अवलंबून आहे. अंबाजोगाई, केज, कळंब यांसारख्या गावांची तहानही याच धरणावर भागते. सलग अवर्षणामुळे धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा आदेश काढावा लागला. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातूरला आली. तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते. पुढे एका फेरीत २५ लाख लिटर येऊ लागले. चार लाखांच्या शहरात ते माणशी सहा लिटर होते. रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी केलेले काम कौतुकास्पदच होते, पण नियोजनाच्या दृष्टीने ती गाडी ही एक कबुली होती.

पाऊस कमी पडला हे खरेच. परंतु येथेही थोडे गणित करावे. चार लाख माणसांना रोज माणशी १३५ लिटर दिले तरी वर्षाला सुमारे २० दशलक्ष घनमीटर पाणी लागते. मांजरा धरणाचा उपयुक्त साठा सुमारे १७७ दशलक्ष घनमीटरांचा. बाष्पीभवन मोठे असते, इतर गावांचा वाटा असतो, गाळही साठतो. हे सर्व वजा केले तरी एकदा भरलेल्या धरणात शहराचे एकाहून अधिक वर्षांचे पाणी राखता येते. हेक्टरी २० हजार घनमीटर धरले तर हे वीस दशलक्ष घनमीटर पाणी हजार हेक्टर उसाला लागणाऱ्या पाण्याइतके आहे. शहराच्या वर्षभराच्या तहानेपुढे हजार हेक्टर ऊस ही अवाढव्य गोष्ट नव्हे.

१९८७ च्या राष्ट्रीय जलनीतीपासून प्रत्येक धोरणात पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम दिलेला आहे. महाराष्ट्राच्या २००३ च्या जलनीतीत उद्योगाला शेतीच्या वर स्थान मिळाले, २०११ मध्ये तो क्रम बदलला. वाद झाला तो दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा. पहिल्या क्रमांकाबद्दल कधीच दुमत नव्हते. तथापि क्रम कागदावर लिहिणे निराळे आणि चांगल्या पावसाच्या वर्षी, कालव्याला मागणी जोरात असताना, पुढील दोन उन्हाळ्यांचे पाणी धरणात अडवून धरणे निराळे. पिण्याचे पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत राखून ठेवण्याची रीत आहे. पण पुढचा पावसाळाच हुकला तर काय, याचा विचार या रीतीत नाही, आणि मराठवाड्यात पावसाळा हुकणे ही काही अपूर्व घटना नव्हे.

यात लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. वान धरणाच्या पाण्यावर गेल्या काही वर्षांत नवनवीन आरक्षणे सुचविली गेली, तेव्हा तेल्हारा-अकोट भागातील शेतकऱ्यांनी विरोध केला. त्यांच्या जमिनी सिंचनाच्या आशेवर उभ्या आहेत. त्यांना न विचारता एकेक आरक्षण वाढत गेले तर ते रस्त्यावर येणारच. एकूण पाणी किती, कोणाचा वाटा किती आणि तुटीच्या वर्षी कोणी किती सोसावयाचे, याचा करार आधीच झालेला असेल तर असे संघर्ष टळतात. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने राज्याचा एकात्मिक जल आराखडा करणे बंधनकारक केले होते. तो होण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला, यावरून अशा कराराची आपल्याला किती निकड वाटते ते दिसते.

नळ झाले, पुढे काय?

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली तेव्हा देशातील सव्वातीन कोटींच्या आसपास ग्रामीण घरांत नळ होता. २०२५ पर्यंत ही संख्या पंधरा कोटींच्या पुढे गेली. एवढ्या अल्पकाळात एवढ्या घरांपर्यंत नळ नेणे ही सामान्य कामगिरी नव्हे, आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु मूळचे उद्दिष्ट २०२४ चे होते. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुदत २०२८ पर्यंत वाढविताना शासनाने स्वतःच बांधकामाच्या दर्जावर आणि लोकसहभागातून देखभाल-दुरुस्तीवर भर देण्याचे जाहीर केले. प्रश्न कोठे आहे याची ही सरकारी नोंदच म्हणावी लागेल.

अशी नोंद यापूर्वीही झाली आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रमाचा अहवाल संसदेला दिला. २०१२ ते २०१७ या पाच वर्षांत सुमारे ८१ हजार कोटी रुपये खर्च झाले होते. निम्म्या ग्रामीण जनतेला नळाने माणशी ५५ लिटर पाणी द्यावयाचे, असे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात ते अठरा टक्क्यांपर्यंतच पोहोचले. पैसा नव्हता असे या अहवालानंतर कोणी म्हणू शकणार नाही. पंधराव्या वित्त आयोगानेही २०२१ ते २०२६ या काळात पंचायतींच्या अनुदानातील साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखून ठेवली होती.

गुजरातने या प्रश्नाची वाट वेगळ्या प्रकारे काढली. १९९९ मध्ये घाऊक पाणी दूरवर वाहून नेणारी स्वतंत्र सरकारी कंपनी तेथे स्थापन झाली आणि २००२ मध्ये गावांच्या पाणी समित्यांना उभे करणारी 'वास्मो' ही संस्था. गावाच्या वेशीपर्यंत पाणी आणण्याची जबाबदारी एकाची आणि वेशीच्या आतील दुसऱ्याची, अशी ही वाटणी आहे. नर्मदेसारखा मोठा उगम त्यांना लाभला, आणि घाऊक पाण्याच्या उचल-वाहतुकीचा मोठा भार तेथे शासनच सोसते, हे लक्षात घेता तो नमुना जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण जबाबदारीची सीमा वेशीवर आखण्याचे तत्त्व मात्र घेण्याजोगे आहे.

त्या तत्त्वावर महाराष्ट्रात काय करता येईल हे फारसे गूढ नाही. प्रत्येक प्रादेशिक योजनेला एकच जबाबदार अधिकारी आणि एकच हिशेबवही असावी, आणि ती बांधणारी यंत्रणा बदलली तरी बदलू नये. प्रत्येक गावाच्या वेशीवर मापक बसवावा आणि गावाने मोजलेल्या पाण्याचेच पैसे द्यावेत, म्हणजे टाकीजवळच्या गावाला झडप बंद करण्याचे कारण मिळेल आणि शेवटच्या गावाला न मिळालेल्या पाण्याची पट्टी भरावी लागणार नाही. पाणी सोडण्याच्या पाळीत शेवटच्या गावाचा क्रम पहिला ठेवावा. पाणीपुरवठ्याच्या अभियांत्रिकीत नळांचे आयुष्य साधारण तीस वर्षांचे आणि पंपांचे पंधरा वर्षांचे धरतात, तेव्हा त्यांच्या बदलीसाठी पहिल्या वर्षापासूनच घसारा निधी बाजूला पडला पाहिजे. जेथे गावाची जुनी विहीर गोड आहे तेथे ती बुजू देऊ नये. सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत विनापरवाना विहीर खणण्यास १९९३ च्या कायद्यानेच मनाई केली होती. त्या कायद्याची अंमलबजावणी नीट झाली असती तर कित्येक गावांना प्रादेशिक योजनेची गरजच पडली नसती.

पाणीपट्टी वाढविणे, खाजगी कंत्राटदार नेमणे, राज्यभर धरणांची जोडणी करणे, असे मोठे उपाय अधूनमधून सुचविले जातात. त्यांचा गुणदोषविचार स्वतंत्रपणे व्हावा. परंतु ज्या योजनेत पाणी मोजलेच जात नाही, तिच्यात दर वाढविला तर पैसे भरणाऱ्यावरच बोजा पडेल. जिच्यात जबाबदारी निश्चित नाही, तिच्यात कंत्राटदारही तक्रारदाराला पुढच्या कार्यालयाचा पत्ताच देईल. आणि जोडलेल्या धरणांतील पाणीसुद्धा शेवटी याच नळांतून, याच झडपांतून आणि याच गावांतून जाणार आहे.

तोपर्यंत एक गोष्ट उद्यापासून करता येईल आणि तिला फारसा पैसाही लागत नाही. योजनेतील प्रत्येक गावाला काल किती पाणी मिळाले, याचा तक्ता रोज प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. त्यात पहिले गाव आणि शेवटचे गाव शेजारीशेजारी असावेत, आणि खाली ज्याला जाब विचारता येईल अशा एका अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा असावा. ते नाव लिहिण्यास शासनाची तयारी आहे की नाही, यावरून त्याच्या पाणी धोरणाची परीक्षा करावी.